मुलीला पाळीत फार दुखतं, पेनकिलर द्यायची नाहीये. घरगुती उपाय काय करावेत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, पहिल्या दिवशी कॉलेज बुडतं, उलट्या होतात, कंबर धरून पडून असते. आणि शेवटी लिहिलंय, "गोळ्यांची सवय नको, फक्त नैसर्गिक उपाय सांगा." ती शेवटची ओळ वाचली आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले, कारण ती ओळ आमच्या आत्तीची आहे. शब्द तेवढे वेगळे. ती म्हणायची, "कोवळ्या पोरीला गोळ्या घालू नगा, उद्या पोर व्हायचं न्हाई."

विचारलंय ते आधी सांगून टाकते, नंतर मी भरकटणार हे मला माहितीय.

शेक. बाकी सगळं शेकाच्या नंतर. ओटीपोटावर आणि मागं कंबरेवर, रबरी पिशवी असो नाहीतर इलेक्ट्रिकची, पण पाच मिनिटं ठेवून उचलायची नाही, तासन्तास. २००१ मध्ये एका चाचणीत पोटाला चिकटून राहणारा साधारण ३९ डिग्रीचा गरम पट्टा रोज बारा तास लावून बघितला होता, त्यानं आयबुप्रोफेन या पेनकिलर गोळीइतकाच आराम पडला. ३९ डिग्री म्हणजे चटका नाही, ऊब. आपल्या बायका उकळत्या पाण्याची पिशवी पोरीच्या पोटावर दाबतात आणि दहा मिनिटांत गार झाली की सोडून देतात, तिथंच चुकतं.

दुसरी सुंठ. यावरही चाचण्या झाल्यात, पहिले तीन दिवस दिवसभरात मिळून पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड, म्हणजे जास्तीत जास्त एक सपाट छोटा चमचा, दोन-तीन वेळा विभागून. गुळात गोळी करून द्या नाहीतर कोमट पाण्यात. जेवणानंतर द्या, रिकाम्या पोटी जळजळ होते. ओवा, बाळंतशेपा यानं पोटातला वारा सरतो, जरा हलकं वाटतं, द्यायला हरकत काही नाही. आणि एरवीच्या दिवसांत आठवड्यातनं तीन वेळा पाऊण-एक तास चांगला घाम येईपर्यंत व्यायाम, त्याचा फरक दोन-तीन महिन्यांनी कळतो. पाळीच्या दिवशीच उठवून सूर्यनमस्कार घालायला लावू नका म्हणजे झालं.

आता हळदीचं दूध, कारण ते कोणीतरी सांगणारच. यावर बोलायचा मला हक्क आहे. मी हरिपूरची, कृष्णा-वारणेच्या संगमावरची. आमच्या गावात हळद जमिनीखाली पेवात ठेवायची पद्धत, पंचवीस-तीस फूट खोल खड्डे, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. अप्पा सांगलीत मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी, आता मीही तिथंच हिशेब बघते, सौदा निघाला की संध्याकाळी माझ्या ओढणीलासुद्धा पिवळा वास असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अख्ख्या यार्डात पेढे वाटले. तर हळदीचा मला जितका अभिमान आहे तितका तुम्हाला नसेल, आणि तरी सांगते, दुधातल्या चिमूटभर हळदीनं पाळीची कळ थांबत नाही. हळदीतलं ते कर्क्युमिन अंगात फारसं मुरतच नाही. दूध गरम असतं, आई शेजारी बसते, बरं वाटतं ते त्यामुळं. मी सलग कितीतरी महिने प्यायले, आत्ती उभी राहून पाजायची.

२००५ चा पूर आठवत असेल. तेव्हा मी दहावीत. गावात पाणी शिरलं, आम्हाला बाहेर काढलं आणि एका शाळेत ठेवलं, एका वर्गात सात-आठ कुटुंबं, बाकं भिंतीला रचलेली, फळ्यावर अजून जुन्या तासाची गणितं. दुसऱ्या दिवशी मला पाळी आली. चार दिवस आधी आली. कपडे नाहीत, कापड नाही, संडास दोन आणि माणसं अडीचशे. वर्गात पुरुष मंडळी बसलेली आणि मी कोपऱ्यात आईच्या साडीआड गुडघे पोटाशी घेऊन. अप्पा एकच बोलत होते, "पेवात पाणी गेलं असंल," दर दहा मिनिटांनी तेच, आणि त्यांचं खरं होतं, शेतकऱ्यांचा माल होता त्यात, पाणी ओसरल्यावर गावभर भिजून कुजलेल्या हळदीचा वास होता आणि त्यानंतर कित्येकांनी पेवं भरणंच सोडलं. पण त्या क्षणी मला पेवाचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं आपण मरणार, आणि माझ्या पेवातलं कुणी विचारत नाहीये.

आत्ती आमच्याच घरात राहायची, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. ती हुशार, तिनं खिचडीच्या चुलीवर तव्यात मीठ तापवून आणलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि माझ्या पोटावर धरून बसली. तिची माया खोटी नव्हती हे आधीच सांगते. पण उलट्या थांबेनात. मग आरोग्य खात्याची एक सिस्टर फिरत आली, पटकीच्या भीतीनं क्लोरिनच्या गोळ्या वाटत होती. तिनं मला बघितलं, काय खाल्लंस विचारलं, दमा आहे का, पित्ताचा त्रास आहे का विचारलं, दोन बिस्किटं खायला लावली आणि एक गोळी दिली. तासाभरानं मी उठून बसले आणि खिचडी मागितली. पाळी सुरू झाल्यापासनं तीन वर्षांत पहिल्यांदा.

आणि आत्ती त्या सिस्टरशी भांडली. भर वर्गात, सगळ्यांसमोर. "तुम्हाला काय जातंय, उद्या हिला पोर झालं न्हाई तर तुम्ही येणार हाय काय?" सिस्टर बिचारी काही न बोलता पुढच्या वर्गात गेली. आईनं मान खाली घातली. त्या दिवसापासनं आमच्या घरात गोळी म्हणजे चोरी झाली. मी बारावीत, मग कॉलेजात, दप्तराच्या चेनच्या कप्प्यात गोळी लपवायची आणि अगदी असह्य झालं की घ्यायची, आणि उशिरा घेतल्यामुळं ती लागू पडायची नाही, मग आत्ती म्हणायची बघ गोळीनं पण काय होत न्हाई.

आता हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते. गर्भपिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं पिशवी करकचून आवळते, आवळली की तिचा स्वतःचाच रक्तपुरवठा तुटतो, म्हणून कळ. तेच रसायन आतड्यालाही छळतं म्हणून उलट्या-जुलाब. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड ही औषधं ते रसायन तयारच होऊ देत नाहीत. म्हणजे ती दुखणं डोक्यावर चढल्यावर नाही, सुरू होता होता घ्यायची, पोटात अन्न असताना, डॉक्टरनं सांगितलेल्या मात्रेत पहिले दोन-तीन दिवस. महिन्यातनं दोन-तीन दिवस घेतल्यानं सवय लागत नाही, व्यसन लागतं ती औषधं वेगळी. आणि मूल न होण्याशी याचा संबंध नाही. माझा मुलगा दुसरीत आहे, पाहिजे तर फोटो टाकते.

पण त्याच्या आधीची गोष्ट राहिलीच. लग्नानंतर दुखणं वाढलं. "लग्न झालं की थांबतं" ऐकलं होतं, थांबलं नाही, उलट पाळीच्या चार दिवस आधीपासनं दुखायला लागलं, संडासला बसताना कळ यायची. २०१६ मध्ये मिरजेत सोनोग्राफी केली, डाव्या बीजकोशावर चार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साठलेली गाठ. एंडोमेट्रिओसिस. म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं. पोरं होण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला असतो हा आजार. डॉक्टर बाईंनी विचारलं किती वर्षं दुखतंय, मी बोटं मोजली, चौदा. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं काय करत होता? काय सांगू त्यांना, ओवा खात होते.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. रात्री सोबतीला आत्ती राहिली. मी गुंगीतनं जागी झाले तर ही शेजारच्या स्टुलावर बसून माझे पाय चेपतेय, आणि म्हणते, "तू पण एकदा काढून टाक की गं पिशवी. मी काढली, सुटले." मला वाटलं गुंगीत ऐकतेय. विचारलं कधी काढलीस? म्हणे सदतिसाव्या वर्षी. तीन पोरं झाल्यावर. भाताच्या मळणीत खळ्यावर लोळायची ती कळ आली की, सासू म्हणायची पोर झालं की थांबंल, तीन झाली, थांबलं नाही, मग काढूनच टाकली. म्हणजे ज्या बाईनं मला चार आण्याची गोळी घेऊ दिली नाही तिनं स्वतः अख्खी पिशवी काढून दुखणं थांबवलं होतं, आणि ते तिच्या लेखी औषधात धरलेलं नव्हतं. मी त्या वॉर्डात ओरडले तिच्यावर. टाके दुखेपर्यंत ओरडले. म्हटलं आत्ती, तू तेव्हा एक गोळी घेतली असतीस तर?

ती म्हणाली, "कोण देत होतं गं तवा?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. पण तिचं एकटीचंच असं नाही. आमच्याकडं हंगामात ऊस तोडायला बीडकडनं टोळ्या येतात, त्यातल्या कितीतरी बायकांनी तिशीच्या आसपासच पिशव्या काढून घेतल्याचं २०१९ मध्ये पेपरात गाजलं, कारण एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचं दुखणं थांबवायला पिशवी काढणं चालतं आणि गोळी मात्र नैसर्गिक नाही म्हणून चालत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

असो. तुमच्या मुलीकडं येते. कॉलेज बुडतंय, उलट्या होतायत, म्हणजे एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवाच. आयांची भीती मला माहितीय, "आतनं तपासतील". लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरनं करतात, पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायचं एवढंच. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून पोरगी नाटक करतेय असं म्हणू नका, एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही. दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळीच्या आधीच सुरू होत असेल, संडास-लघवीला दुखत असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, किंवा वेळेवर गोळी घेऊनही उतरत नसेल, तर काढे बाजूला ठेवून जा. हिमोग्लोबिन तर तपासाच. जास्त अंगावरून जाणाऱ्या पोरी पांढऱ्याफटक होऊन फिरत असतात आणि आपण अभ्यासाचा ताण म्हणतो.

आणि तिचं चिंच, ताक, लोणचं बंद केलं असेल तर सुरू करा. त्यानं काही होत नाही. हरिपूरची पोरगी चिंचेशिवाय वाढवली आमच्या आत्तीनं, एवढा एक गुन्हा तरी तिनं कबूल करावा.

हां, एक-दोन गोष्टी राहिल्या. गोळ्या चांगल्या म्हणून मेडिकलवाल्याकडनं दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नका. दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या चालत नाहीत. मेफेनॅमिक अॅसिडबद्दल २०२३ च्या शेवटी सरकारी इशाराही आला होता, अंगावर पुरळ, ताप, असली ड्रेस नावाची गंभीर रिअॅक्शन क्वचित येऊ शकते, गोळी घ्यायला लागल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा, तसं काही दिसलं तर बंद करून लगेच डॉक्टर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुंठसुद्धा विचारून. आणि "पोर झालं की थांबतं" हे अगदीच खोटं पण नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपणानंतर खरंच कमी झालं. पण तुमची अकरावीत आहे, तिनं तोवर काय करायचं?

शेकताना पिशवीला जाड फडकं गुंडाळा. शाळेतल्या त्या मिठाच्या पुरचुंडीचा डाग माझ्या पोटावर अजून आहे, रुपयाएवढा.