एकाच शॉटमध्ये तिघं बोलत असतील तेव्हा

प्रिय मित्रा,

डबच्या आवाजाप्रमाणे ओठ नव्याने बनवलेली तुझी क्लिप काल चार वेळा बघितली, दोनदा आवाज बंद करून. टेबलाशी तिघं बसलेत, बोलतेय मधली बाई, आणि डावीकडच्या माणसाचे ओठ पण हलतायत, अगदी किंचित, पण हलतायत, आणि तिथेच सीन पडला रे. ओठ बनवणारं एआय मॉडेल बदलू का असं विचारलंयस, तर नको बदलूस. वाव्हटूलिपसारखं मॉडेल दिलेल्या चेहऱ्यावर दिलेला आवाज बसवतं, हा आवाज त्याच माणसाचा आहे का हे ते बघतच नाही, ते तुलाच ठरवायचंय.

आधी चेहरे ट्रॅक कर, म्हणजे फ्रेममागून फ्रेम कोणता चेहरा कुठे आहे ते धर, प्रत्येकाला आयडी दे, कट आला की ट्रॅक तोड. दोघं एकमेकांसमोरून गेले की आयडीची अदलाबदल होते, त्या फ्रेम स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मूळ भाषेतल्या आवाजावर डायरायझेशन चालव, म्हणजे कोणता आवाज कधी बोलतोय ते वेगळं कर. त्यातून फक्त आवाज एक, आवाज दोन एवढंच कळतं, चेहरा कळत नाही, म्हणून मूळ ओठ आणि मूळ आवाज जुळतायत का ते तपासायचं, २०१६ मधलं सिंकनेट हे मॉडेल हेच करतं. डबचा आवाज इथे अजिबात आणू नकोस, तो जुन्या ओठांशी जुळणारच नाही. आणि बोलणारा फ्रेमबाहेर असेल तर ते वाक्य कुणाच्याच तोंडी घालू नकोस.

आता खरी मेख. डबचं वाक्य मूळ वाक्याएवढंच कधी नसतं, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला प्रत्येक क्षणी तीन प्रश्न विचार. डबमध्ये बोलतोय? मग त्याचा एकट्याचा आवाज लावून ओठ बनव. मूळमध्ये बोलत होता पण डबमध्ये गप्प झालाय? मग शांतता देऊन तोंड मिटवून घे, नाहीतर आवाज संपल्यावरही ओठ चालूच राहतात. दोन्हीकडे गप्प आहे? मग हातच लावू नकोस, त्याचं ते अर्धवट हसू, आवंढा गिळणं, हे नटाचं काम आहे, आणि मॉडेल ते पुसून टाकतं. तुझ्या डावीकडच्या माणसाचं नेमकं हेच झालंय.

मी पहिल्यांदा दोन बहिणींच्या भांडणाचा सीन केला तेव्हा दोघींचा एकत्र मिक्स केलेला ऑडिओ दिला होता, दोघींच्या तोंडी सगळी वाक्यं आली, आख्खा आठवडा वाया गेला. म्हणून स्टुडिओकडून प्रत्येक पात्राचा वेगळा ट्रॅक मागूनच घे, एकमेकांवर बोलतात तिथे दुसरा खात्रीचा उपाय नाही.

बनवलेला चेहरा परत फ्रेमवर पेस्ट करताना डोकी जवळ असतील तर एकाच्या क्रॉपमध्ये, म्हणजे कापलेल्या चौकोनात, दुसऱ्याचा गाल येतो, तेव्हा मास्क लावून फक्त तोंडाचा भाग चिकटव, आख्खा चौकोन नको. पुढे हात किंवा कप आला तर तो वर यायला हवा. वाव्हटूलिप ९६ बाय ९६ पिक्सेलचा चेहरा बनवतं, मागच्या छोट्या चेहऱ्यांना ते चालून जातं, पण पुढच्या मोठ्या चेहऱ्याचं तोंड धूसर दिसतं, त्याला वेगळं शार्प कर आणि शेवटी ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, सगळ्यांना सारखा दे.

तपासताना प, ब, भ, म शोध, तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. २५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना, एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, दोन-तीन फ्रेम सरकलं तरी खटकतं. एकेक चेहरा धरून पूर्ण शॉट बघ, म्हणजे तीन चेहरे तर तीन वेळा.

आज फक्त डावीकडच्या माणसाच्या मूळ फ्रेम परत टाक, बाकी काही बदलू नकोस, आणि पाठव.

तुझा दादा