ती बारा पानं काढून टाक

प्रिय मित्रा,

पटकथेचा खर्डा वाचला. पंधरा वर्षांची मुलगी, आणि पहिली बारा पानं तिच्यावरच्या अत्याचाराची. ती आधी काढून टाक. घटना पडद्यावर आली की कॅमेरा नकळत अत्याचार करणाऱ्याच्या नजरेने बघू लागतो. तुझी गोष्ट त्यानंतरच्या दिवसांची आहे, ती तिथूनच सुरू होऊ दे.

‘ओरडली का नाहीस?’ असं मामा विचारतो, आणि पटकथेत त्याला कुठेच उत्तर मिळत नाही. ते मिळायला हवं. अति भीतीत शरीर लढतं किंवा पळतं, तसं ते थिजूनही जातं. घशातून आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. हे ती ठरवून करत नाही. पण पुढे तिला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते आणि तोंड मिटतं, कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. बोलली तरी तुकड्यातुकड्यांत बोलते. सोमवार होता की मंगळवार ते आठवत नाही, पंख्याची घरघर मात्र लख्ख आठवते. तू तिच्या तोंडी सलग दोन पानांचं निवेदन घातलंयस, ते म्हणूनच खरं वाटत नाही.

फ्लॅशबॅकही नकोत. वर्गात कुणीतरी मागून वाकून तिची पट्टी उचलतं. तिची ओळ अर्ध्यात तुटते आणि तास संपेपर्यंत ती तेच एक अक्षर गिरवत राहते, कागद फाटेपर्यंत. रात्री कडी लावते, आडवी होते, उठून पुन्हा बघते. तीनदा. शेवटाकडे कधीतरी एकदाच बघून झोपते. तिथे पार्श्वसंगीत देऊ नकोस.

समुपदेशनाचा प्रसंग सर्वांत कच्चा आहे. एकदा रडली आणि मोकळी झाली, असं होत नाही. मुलांसाठीची आघातकेंद्री उपचारपद्धती साधारण १२ ते १६ सत्रं चालते, आणि जमेल तिथे पालकांनाही त्यात घेतात. आधी श्वास, अंग सैल सोडणं, भावनेला नाव देणं. त्या दिवसाविषयी बोलणं नंतर, तेही थोडं थोडं. तिथे घाई केली तर मूल यायचंच बंद होतं. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवणींना सामोरं जाऊन शोक करणं, आणि पुन्हा माणसांत मिसळणं. ते तीन अंकांत चपखल बसवायचा मोह होईल, पण आवर. बरी चाललेली मुलगी वर्ष भरल्याच्या दिवशी पुन्हा अंथरुणातून उठत नाही. तिच्या प्रेमात पडून तिला बरं करणारा तो मुलगाही काढ.

राहिली आई. ‘विसरून जा आता’ असं ती म्हणते, ते मायेपोटीच म्हणते. तिला खलनायिका करू नकोस. तिला चुकू दे, मग शिकू दे. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, चूक तुझी नाही’ एवढंच तिने बोलावं. आणि खोलीबाहेर पडताना विचारावं, ‘दार उघडं ठेवू की लावून घेऊ?’ उत्तर मुलीने द्यायचं. तिच्या मनासारखं काही व्हायला सुरुवात तिथून होते, म्हणून हा प्रसंग आधी लिहून पाठव.