त्रिकोणाचा खरा मध्य कोणता?

तुमची मुलगी नववीत आहे, मध्यगासंपात, परिकेंद्र, अंतर्मध्य, लंबसंपात यांचा तिचा घोळ होतो, तर यातला खरा मध्य कोणता आणि लक्षात कसे ठेवायचे असं तुम्ही विचारलंय. खरा मध्य असा कुठलाच नसतो. यावरून आमच्या घरात भांडण झालंय म्हणून एवढं ठामपणे सांगते.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. मी दहावीत होते तेव्हा रानात तीन घरं, आमचं, काकांचं आणि थोरल्या चुलत्यांचं, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तिघांत मिळून एक पाण्याची टाकी बांधायची ठरली आणि तात्याच म्हणाले की बरोबर मध्यावर बांधा, म्हणजे कुणाची कुरकुर नको. वडिलांनी मला टेप धरायला नेलं. आमच्यापासून काकांचं घर 300 फूट, तात्यांचं 500, आणि त्या दोघांच्यात 700. 1 सेंमीला 50 फूट धरून कागदावर 6, 10, 14 चा त्रिकोण काढला, मध्यगा म्हणजे प्रत्येक कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा काढल्या, त्या मिळाल्या तिथं, म्हणजे मध्यगासंपातावर, रानात खुंटी ठोकली. मग तात्यांनी स्वतः टेप लावला. खुंटीपासून आमचं घर 145 फूट, काकांचं 318, तात्यांचं 393. ते वडिलांना म्हणाले, "पोरीला पुढं करून टाकी आपल्या दारात ओढलीस व्हय रं?" वडील खाली बघत टेप गुंडाळत राहिले, ते मला अजून दिसतं.

मी काही ओढलं नव्हतं. मध्यगासंपात हा वजनाचा मध्य, लग्नपत्रिकेचा जाड कागद त्रिकोणात कापून त्या बिंदूवर पेन्सिलीच्या टोकावर ठेवला तर तोलून राहतो. तात्यांना हवं होतं समान अंतर, म्हणजे परिकेंद्र, बाजूंचे लंबदुभाजक, म्हणजे बाजूच्या मध्यातून काटकोनात काढलेल्या रेषा, मिळतात तो बिंदू. दुसऱ्या दिवशी तेही काढलं तर तो त्रिकोणाच्या बाहेर गेला, कारण आमच्या घरापाशी कोन 120 अंशांचा. कंपास 8 सेंमीहून जरासा जास्त उघडला की वर्तुळ तिन्ही घरांतून जायचं, म्हणजे प्रत्येकाला 404 फूट पाइप आणि टाकी काका-तात्यांच्या बांधापलीकडं 200 फूट, परक्याच्या द्राक्षबागेत. समान वाटणी केली असती तर तात्यांचा पाइपसुद्धा 393 चा 404 झाला असता! हे त्यांना कागदावर दाखवलं तर "मध्य कधी रानाच्या बाहेर असतोय व्हय" म्हणून कागद परत दिला. शेवटी तीन टाक्या झाल्या, तीन मोटारी.

म्हणून पाठांतर करून घेऊ नका, समान काय हवंय ते तिला आधी विचारा. तिन्ही शिरोबिंदूंपासून अंतर समान हवं तर परिकेंद्र, तिन्ही बाजूंपासून हवं तर कोनांचे दोन सारखे भाग करणाऱ्या कोनदुभाजकांचा अंतर्मध्य, क्षेत्रफळाचे सारखे वाटे हवेत तर मध्यगा. लंबसंपात शिरोलंबांचा, म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबांचा, व्यवहारात मला तो कधी लागला नाही, पण परिकेंद्र, मध्यगासंपात आणि लंबसंपात एका रेषेत येतात हे गणितज्ञ ऑयलरनं दाखवलंय आणि ते सुंदर आहे, मध्यगासंपातापासून लंबसंपात परिकेंद्राच्या दुप्पट लांब असतो.

आणि एकूण पाइप कमीत कमी लागावा असं म्हणाल तर तो आणखी वेगळाच बिंदू, फर्मा या गणितज्ञाच्या नावाचा. एखादा कोन 120 किंवा जास्त असला की तो त्याच शिरोबिंदूवर येतो. आमच्या रानात तो आमच्या अंगणात येत होता, एकूण 800 फूट, मध्यगासंपाताला 856 लागत होते. हे मला बारावीनंतर कळलं आणि तोवर तात्या गेले होते. अंगणात टाकी त्यांनी मान्य केली असती असं नाही, पण त्या खुंटीत लबाडी नव्हती एवढं तरी त्यांना पटवता आलं असतं.

हां, समभुज त्रिकोणात हे सगळे बिंदू एकच होतात आणि मुलं बहुतेक वेळा आकृती तशीच काढतात, घोळ तिथंच होतो. तिला विशालकोन त्रिकोण काढायला लावा, आणि लंबदुभाजक वहीच्या कडेपर्यंत वाढवू द्या.