दोन दारांचं लोखंडी कपाट घर बदलताना एकट्याने लिफ्टपर्यंत कसं न्यावं?

प्रश्नात दिलेली माहिती अशी: कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद, १९ इंच खोल, एका दारावर आरसा, घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पण मदतीला कोणी नाही. मापं दिलीत हे फार बरं केलंत. एकट्याने हलवायचं असेल तर दंडातल्या ताकदीपेक्षा या तीन आकड्यांवर जास्त अवलंबून असतं.

कपाट कुठेही उचलायचं नाही आणि आडवं पाडायचं नाही. उभंच ठेवून कापडावर सरकवत न्यायचं. आडवं केलं की दारातून जाईल, हा मोह सगळ्यांना होतो. पण रिकाम्या कपाटाचं वजन ७० किलो धरलं तर ते पुन्हा उभं करायला एक टोक उचलताना ३५ किलो हातावर येतात, तेही कमरेतून वाकून आणि पत्र्याची धार बोटांत रुतत असताना. पाठी धरतात त्या इथेच.

आधी कपाट पूर्ण रिकामं करा, लॉकरसकट. कप्प्यांचे पत्रे नुसते टेकवलेले असतील तर तेही काढा. मग दारं बंद करून कुलूप लावा. हँडल फिरवल्यावर वर-खाली ज्या सळ्या अडकतात त्या सांगाड्याला चौकोनात धरून ठेवतात. दारं नुसती दोरीने बांधून हलवलं तर सांगाडा पिळवटतो आणि नव्या घरात दारं लागत नाहीत. किल्ली काढून खिशात ठेवा, बाहेर राहिलेली किल्ली चौकटीला अडकून कुलपातच मोडते. आरशावर चिकटपट्टीची फुली मारा. त्याने काच फुटायची थांबत नाही, पण फुटलीच तर तुकडे पायावर सांडत नाहीत. वरून चादर गुंडाळून बांधा.

आता कपाटाखाली कापड घालायचं. जाड सतरंजी किंवा जुनं ब्लँकेट दुहेरी करून घ्या. त्याआधी फरशी झाडा, नाहीतर कापडाखाली आलेला एक खडा घरभर ओरखडा ओढत जाईल. कपाट भिंतीपासून ४ इंच पुढे घ्या, मागच्या पायांपुढे रबराचा तुकडा किंवा स्वतःचं पाऊल टेकवा म्हणजे ते घसरणार नाहीत, आणि कपाटाचा माथा हळूच मागे भिंतीला टेकवा. एवढ्यानेच पुढचे पाय जवळजवळ इंचभर वर येतात आणि वजन भिंत सांभाळते. सतरंजी पायाने आत ढकला, कपाट सरळ करा. मागच्या पायांसाठी अरुंद बाजूला उभं राहून कपाट कडेवर थोडं कलवा आणि सतरंजी ओढून घ्या. मग हेच दुसऱ्या बाजूने.

जोर किती लागतो याचा अंदाज असू द्या. ७० किलोचं कपाट ५ फूट उंचीवर हात लावून मागे कलवायला साधारण ११ किलोचा रेटा पुरतो; कडेवर कलवायला तो २१ किलोच्या आसपास जातो. मागे-पुढे ते इतक्या सहज कलतं, हीच खरी धोक्याची गोष्ट आहे. समोर उभं राहून खांद्याच्या उंचीवर ढकललंत तर कपाट सरकायच्या आधी उलटायला लागतं. म्हणून नेहमी अरुंद, १९ इंची बाजूला उभं राहा आणि रुंदीच्या दिशेने ढकला, हात कंबरेच्या पातळीवर. पुढे ३६ इंचांचा पाया पसरलेला असल्यामुळे ते उलटत नाही. सतरंजी ओढण्यापेक्षा कपाट ढकलणं बरं: ओढताना झटका बसतो आणि कापड पायांखालून निसटतं. पुढे वीतभर कापड जास्त राहू द्या.

त्या पायांची काळजी घ्या. उभं वजन ते झेलतात, आडवा ताण नाही. कोपऱ्यावर कलवून एकेक पाय पुढे टाकत कपाट ‘चालवण्याची’ पद्धत सर्रास वापरतात, पण त्यात सगळं वजन एकाच पायावर येऊन तो दुमडतो. इंचभर जागा साधण्यापुरतंच तसं करा.

दाराशी गणित बदलतं. कपाट कलवल्यावर ते बुटकं होईल असं वाटतं, पण सुरुवातीला उलटंच घडतं. मागे कलवताना सर्वांत वरचा कोपरा ८० इंचांच्या थोडा वर जातो. कडेवर कलवलं तर जवळजवळ ८६ इंचांपर्यंत. आणि हा उंच क्षण नेमका तोल साधला जातो तेव्हाच येतो, म्हणजे वजन अगदी हलकं वाटतं तेव्हा. दोन चाकांच्या उभ्या ट्रॉलीवर अरुंद बाजूने चढवलेलं कपाट ७ फुटी चौकटीला वर ठोकतं ते यामुळेच. ट्रॉली असेल तर मोकळ्या जागेत खुशाल वापरा, पण चौकटीपाशी कपाट उतरवून पुन्हा उभं सरकवा.

खोलीच्या दाराची मोकळी रुंदी मोजताना उघडलेल्या दाराची जाडी वजा करा. अरुंद बाजू पुढे असल्यावर १९ इंच सहज जातात, त्यामुळे दार बिजागरीतून काढायची वेळ बहुधा येत नाही. हँडल मात्र कुठे अडतंय ते आधी बघा. उंबरठा असेल तर दोन्ही बाजूंना प्लायवूडचे तुकडे रचून उतार करा, कपाटाचे पुढचे पाय त्यावर घ्या आणि मग मागून ढकला. उंबरठ्यावर अडलेलं कपाट जोराने रेटू नका, पाय तिथेच वाकतात. चौकट बुटकी असेल तर उंबरठ्याची उंची कपाटाच्या उंचीत मिळवून बघा, वर अडकायला इंचभरही पुरतो.

पॅसेजच्या वळणावर कपाट गोल फिरवायला ४१ इंच मोकळी जागा लागते, कारण तळाचा कर्ण तेवढा आहे. पॅसेज त्याहून अरुंद पण ३६ इंचांहून रुंद असेल तर फिरवूच नका. कोपऱ्यात पोचल्यावर कपाट तसंच राहू द्या आणि फक्त ढकलायची दिशा बदला. इथे मात्र १९ इंचांच्या दिशेने ढकलावं लागतं, म्हणून हात गुडघ्याच्या जरा वर ठेवा आणि सावकाश रेटा.

लिफ्टचं दार अनेकदा २००० मिलीमीटर उंच असतं, म्हणजे पाव इंच कमी ७९ इंच धरून चला, जेमतेम ७८ पूर्णांक ७. तुमचं कपाट ७८. दुहेरी सतरंजीसकट ते घासत जाईल किंवा अडेल, म्हणून लिफ्टपाशी सतरंजी काढून पातळ चादर घाला. आतली खोली ३६ इंचांहून जास्त आहे ना, हे घरातून कपाट हलवण्याआधी मोजा. मजला आणि लिफ्ट यांच्यामधल्या फटीत पाय उतरला तर एकट्याने तो काढणं फार कठीण जातं. फटीवर प्लायवूडचा पातळ पत्रा टाका. त्याची जाडीही उंचीत मोजा. दार उघडं राहायचं बटण कोणी दाबून धरणार नसेल तर लिफ्ट थांबवून ठेवायची सोय आधी विचारून घ्या.

पूर्ण वेळ बंद बूट घाला, रबरी पकडीचे हातमोजे घाला, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. कपाट आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. ते पडायला लागलं तर धरू नका, बाजूला व्हा. आरसा नवा बसवता येतो.

लिफ्ट बंद असेल तर जिन्याने एकट्याने नेऊ नका. पायऱ्यांवर कपाटाच्या खाली उभ्या माणसाला निसटायला जागाच नसते, आणि वरून दोरीने धरलेलं कपाट घसरलं तर माणसालाही ओढून नेतं. त्या दिवशी दुसऱ्या माणसाची वाट बघणंच योग्य.

नव्या जागी ठेवल्यावर दारं एकमेकांवर घासली किंवा एक वर दिसलं तर बिजागरी ठोकत बसू नका. समोरच्या बाजूचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील तर फरशी सपाट नाही. एकेका पायाखाली पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून बघा; दोन्ही मापं जुळली की दारं आपोआप सरळ लागतात. मगच सामान भरा, जड वस्तू खालच्या कप्प्यात.