शस्त्रं तपासायची नोकरी मुलीला जमेल का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सैन्याची शस्त्रं तपासायचं काम करायचं म्हणतेय आणि तुम्हाला भीती वाटतेय की हा दारूगोळ्याशी खेळ, त्यापेक्षा आयटी बरं. माझं स्पष्ट मत, तिला अडवू नका.

हे काम मुख्यतः संरक्षण मंत्रालयाच्या डीजीक्यूए, म्हणजे लष्करी मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या खात्याकडे असतं, दारूगोळ्याचं त्यांचं ऑफिस तर पुण्यात खडकीलाच आहे. रायफलच्या बॅरलमधून नेहमीपेक्षा जास्त दाबाची प्रूफ गोळी झाडतात, तीही माणूस सुरक्षित आडोशाला राहून, मग मॅग्नेटिक टेस्टने बारीक तडे शोधायचे, चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीला, माप बरोबर आहे का बघणारे गो आणि नो-गो गेज लावायचे, टार्गेटवर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते बघायचं. काडतुसांचं जरा वेगळं, सगळीच झाडून बघितली तर जवानाला उरणार काय, म्हणून लॉटमधून, म्हणजे एकत्र बनवलेल्या खेपेतून, नमुने काढून वेग आणि दाब मोजतात आणि त्या थोड्याशा गोळ्यांवरून अख्खा लॉट पास की नापास ते ठरतं. खरी कसोटी इथेच लागते बघा. माल पाठवायची घाई असते, आकडा मर्यादेच्या जरासाच बाहेर आलेला असतो, समोरचे वयाने मोठे साहेब म्हणतात एवढं चालतंय की, आणि तरी शांतपणे रिजेक्ट लिहून सही करायची. तोच लॉट उद्या सीमेवर एखाद्या पोराच्या हातात जाणार असतो हो. तुमची लेक चारचौघांत नाही म्हणू शकते का? हे मार्कांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे आणि ते तुम्हालाच माहीत असणार.

रस्ते बरेच आहेत. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा, वय 21 ते 30, त्यात विमानांच्या क्वालिटीची आणि नौदलाच्या शस्त्रांची सेवा येते. एसएससीच्या (दहावीची नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेत काही वर्षी नौदलाच्या क्वालिटी विभागाच्या जागा निघतात. वर्दीच हवी असेल तर नौदलात नेव्हल आर्मामेंट इन्स्पेक्शनची वेगळी केडर आहे, मुलींनाही घेतात, पण एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवडीचा इंटरव्ह्यू द्यावा लागतो आणि डिग्रीला 60 टक्के लागतात, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला ढिलाई नको. जागा सगळीकडे कमी, म्हणून एकाच परीक्षेच्या भरवशावर बसू नका, गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा अभ्यास सोबत सुरू ठेवला तर सरकारी कंपन्यांचाही पर्याय राहतो. आणि मेट्रॉलॉजी (अचूक मोजमापाचं शास्त्र), स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल (नमुन्यांवरून गुणवत्ता ठरवणं) हे विषय पोरं पास होण्यापुरतेच करतात, तिला सांगा ते आत्ताच नीट करून घे.