'आजीचे घड्याळ' कवितेत घरची ऊब नेमकी कुठे जाणवते?

मला विचाराल तर ओटीवरच्या उन्हात. केशवकुमार म्हणजे आपले आचार्य अत्रे, त्यांनी आजीचं घड्याळ असं रंगवलंय की त्याला ना टिकटिक ना किल्ली, तरी चालू. ऊन ओटीवर आलं की आजी म्हणते दहा वाजले, पळ शाळेत, आणि लगेच घंटा ऐकू येते. तिन्हीसांजेला अंगणात खेळ रंगात आला की आतून हाक, दिवे लागले बाळांनो. आजी कुठेच माया बोलून दाखवत नाही, पण तिचा अख्खा दिवस नातवंडांवरच लागलेला असतो ना! माझी आजीपण तुळशीची सावली पायरीला टेकली की चहाचं आधण ठेवायची, म्हणून ही कविता वाचताना अजून घसा दाटतो.