हिंदमाताच्या पाण्याची वही जपून ठेवा

प्रश्न : आम्ही परळला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९४ टक्के होते. पदवीसाठीच अमेरिकेतल्या एमआयटी, हार्वर्डसारख्या ठिकाणी जायचं तिच्या मनात आहे. एका सल्लागारांनी तीन लाखांचं पॅकेज सांगितलंय. तिच्या नावाने संस्था काढून देऊ, रिसर्च पेपर छापून आणू, निबंधही लिहून देऊ म्हणतात. क्लासवाले म्हणतात, कॉलेजात जायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो. ती मात्र पावसाळाभर जवळच्या हिंदमाता चौकात पाणी कधी भरलं, किती भरलं, तेव्हा भरती किती वाजता होती, हेच वहीत लिहीत बसते. एकदा ओहोटी असूनही पाणी का भरलं म्हणून दोन दिवस आमचं डोकं खाल्लं. आमचं पगारावर चालणारं घर. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार. ते तीन लाख देऊ नका. तुम्ही पत्रात तक्रारीच्या सुरात लिहिलेली ती वही हीच तुमच्या मुलीची खरी जमेची बाजू आहे.

पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती, आणि तोही ओहोटीच्या वेळी पडेल या हिशोबाने. मोठ्या भरतीला समुद्र वर चढला की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. हिंदमाता तर बशीसारखा खोलगट. म्हणजे मुलगी योग्य ठिकाणी बोट ठेवून बसली आहे. ओहोटीतही पाणी भरलं तो दिवस तिच्या अंदाजात बसला नाही आणि म्हणून ती अस्वस्थ झाली. अशी मुलं या विद्यापीठांना हवी असतात. तिला सांगा, आता असे सगळे अपवादाचे दिवस वेगळे काढ, त्या दिवसांचे पावसाचे आकडे मिळव, आलेख काढ. उत्तर सापडलं नाही तरी चालेल. काय तपासलं आणि कुठे अडलं, हे स्वच्छ लिहिता आलं पाहिजे.

प्रमाणपत्रांचा ढीग तिथे कामाचा नाही. अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं ज्या 'कॉमन ॲप'वरून अर्ज घेतात, त्यात उपक्रमांना १० जागा आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, तिथे तर चारच उपक्रम विचारतात. विकत घेतलेली संस्था तिथे लिहिली आणि मुलाखतीत कोणी दोन प्रश्न विचारले, तर पोरगी काय सांगेल? तिच्यावर ती वेळ आणू नका.

आता कॉलेजचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुंबईतली चांगली चांगली मुलं इथेच अडकतात. आपल्याकडे 'अकरावीला कोण बघतं' म्हणून ते वर्ष सोडून देतात. पण हे अर्ज बारावीच्या नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात, आणि आपली बोर्डाची परीक्षा त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. अर्ज वाचणाऱ्यांसमोर नववी, दहावी आणि अकरावीचे गुण असतात, बारावीच्या फार तर सहामाहीचे. अकरावी पडली तर सावरायला जागा नाही. शिवाय एमआयटी आणि हार्वर्ड दोन्हीकडे एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा द्यावीच लागते. तीही बारावी सुरू होण्याआधी झालेली बरी.

दुसरं, शिक्षकांची पत्रं लागतात, साधारण दोन विषयशिक्षकांची. जी मुलगी वर्गात बसलीच नाही, तिच्याबद्दल सर काय लिहिणार? 'हुशार आणि आज्ञाधारक' एवढंच. म्हणून ती कॉलेजात जाऊ दे, प्रॅक्टिकल्स करू दे, आणि ती वही फिजिक्सच्या सरांना किंवा मॅडमना दाखवू दे. त्यांनी चार शंका काढल्या, तिने पुन्हा जाऊन तपासलं, असं वर्षभर चाललं तर त्यांच्या पत्रात सांगण्यासारखं काहीतरी असेल.

निबंध तिनेच लिहायचा. कॉमन ॲपवर ६५० शब्दांची मर्यादा आहे. त्यात मुंबईकरांच्या जिद्दीवर किंवा २६ जुलै २००५च्या ९४४ मिलिमीटर पावसावर लिहायचा मोह होईल, पण तेव्हा ती जन्मलीही नव्हती. त्या ओहोटीच्या दिवसावर लिहू दे. व्याकरण कोणी तपासलं तर हरकत नाही, वाक्यं मात्र तिचीच हवीत.

पैशांचं आधी ठरवा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली तर गरजेइतकी मदत देतात. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. अर्ज करताना 'मदत नको' लिहून नंतर मागू, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोघांच्या पगाराच्या स्लिप आणि आयकर विवरणपत्रं आतापासून एका फाइलीत लावा.

आणि एक गोष्ट मुलीला आजच स्पष्ट सांगा. हार्वर्ड शंभरातल्या साधारण चारांनाच घेतं, एमआयटीत अर्ज करणाऱ्या परदेशी मुलांपैकी निवड होणाऱ्यांचं प्रमाण त्याहून कमी. तिथे नकार आला म्हणजे पोरगी कमी पडली असा अर्थ घरात कोणी काढायचा नाही. जेईई आणि सीईटीचा अभ्यास चालूच राहू दे. पाण्याच्या निचऱ्याचा अभ्यास तिला पवईच्या आयआयटीतही करता येईल.

या आठवड्यात एकच काम करा. कॉलेजात जाऊन उपप्राचार्यांना भेटा. परदेशी विद्यापीठासाठी गुणपत्रकं आणि शिक्षकांची पत्रं कॉलेजकडून ऑनलाइन पाठवावी लागतील, ते कोण करेल, हे विचारून घ्या. अनेक कॉलेजांना याची सवय नसते, त्यांना वेळ लागतो.